परत आलेली नळी

प्रिय शहाण्या,

आशीर्वाद मागाहून, आधी ऐक. मला लिहिता येत नाही, म्हणून एका मुलीला शेजारी बसवून सांगते आहे. तुझे आजोबा जाऊन तीन महिने झाले. भेटायला येईल त्याला तू सांगायचास की नर्सनं रक्तच नीट काढलं नाही, नाहीतर आमच्या लॅबनं वेळेत पकडलं असतं. सगळे माना डोलवायचे. घरात शिकलेला एकटाच, तुझ्या तोंडाला कोण लागणार?

त्या सकाळी त्यांचं पोट हाताला मऊ लागत होतं, आणि माणूस मात्र गुरासारखा ओरडत होता. जन्मात माझ्यावरसुद्धा एवढे ओरडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आतड्याला रक्त पोचत नसावं. आतडं मरायला लागलं की त्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात. आकडा चढला तर लगेच पोट उघडू. रक्त तुझ्याकडेच आलं. आकडा एवढा मोठा निघाला की तुला तो खराच वाटेना. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो, हे तूच मला ऐटीत सांगितलं होतंस. अशा वेळी नळी उजेडाला धरायची आणि रक्त खाली बसल्यावर वरचं पाणी लाल झालंय का, एवढंच बघायचं; पिवळं असेल तर आकडा खरा. तू ते न बघताच ‘नमुना खराब, पुन्हा पाठवा’ अशी चिठ्ठी डकवलीस आणि जेवायला गेलास.

परत आलेली नळी मी खिडकीशी धरली. अक्षर येत नाही रे मला, पण पिवळं आणि लाल कळतं. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं. त्यांच्या वाळक्या हातात दुसरी शीर सापडेपर्यंत दुपार टळली. पोट उघडलं तर आतडं काळं ठिक्कर. तसंच शिवलं.

तुझी नोकरी जाईल म्हणून मी मूग गिळून बसले, आणि तुझ्या तक्रारीवरून त्या नर्सला चादरींच्या घड्या घालायला बसवलं. हे अक्षर तिचंच आहे. हात कसा वाटतो, सांग.

आता आजच का, ते ऐक. कालपासून माझंही पोट तसंच धरलंय. डॉक्टरांना म्हटलं, चिरू नका, चौऱ्याऐंशी वर्षं पुष्कळ झाली. रक्त तेवढं काढा, आणि हिलाच काढू द्या. एका टोचण्यात काढलं पोरीनं. डॉक्टर म्हणाले, आजी, ऑपरेशनच नको तर तपासणी कशाला? म्हटलं, माझ्यासाठी नाही, नातवासाठी. नळी या पत्राबरोबरच पाठवते आहे. आकडा तूच काढ, आणि खाली सही कर.

तुझीच,
आजी
(डाव्या हाताचा अंगठा)