शास्त्राची पुस्तके आणि उजवा हात

"ताई, तुझं खरं असेल तर आईचं मरण ही चूक नव्हती, आणि मला ती चूकच हवी आहे."

माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना हे म्हणाला होता. आईला पुरून आम्ही घरी आलो होतो आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बुटांची माती खरवडत होता. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलबाईंचं म्हणणं. पण या कागदातली बरीचशी वाटणी त्या वाक्यापासून सुरू होते, म्हणून ते आधी.

आता रीतसर. मी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, संग्रहालयात प्राण्यांचे सांगाडे जोडणारी, डोकं ठिकाणावर असताना आणि डोक्यावर कोणी बसलेलं नसताना हे लिहिते आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पुढच्या आठवड्यात ती काढून तिथे डुकराची झडप बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. वकीलबाई म्हणतात, काळजी नसतानाच मृत्युपत्र करावं. मी दोघांचंही ऐकते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसा कागद घेऊन कोणी आल्यास त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावं.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, मागची कामाची खोली आणि परस, हे सगळं माझ्या भावाला. तो आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. पाळकाचं घर मंडळीचं असतं. निवृत्त झाला की किल्ली परत करायची. माझी वहिनी गेल्या काही वर्षांपासून भिंतीला खिळा ठोकतानाही "आपलं थोडंच आहे" म्हणते. तिने या घरात हवे तितके खिळे ठोकावेत.

एक सक्त सूचना. परसातल्या मोठ्या पातेल्यात मी हाडं उकळते. ते कोणीही, कितीही घासून, स्वयंपाकाला घेऊ नये. एकदा मंडळीच्या जेवणाला भांडी कमी पडली आणि दोन बाया ते उचलून घेऊन गेल्या. मी चपला न घालता धावले आणि रस्सा ओतायच्या आत पोहोचले. भाऊ तेव्हा प्रार्थनेला उभा राहिला होता. त्याने डोळे मिटले, पण खांदे हलत होते. अजूनही जेवणाआधी माझ्याकडे बघून विचारतो, "ताई, आज पातेलं कुठलं?"

कलम दुसरे, हत्यारे. बारीक तारा, पकडी, हातड्रिल, ब्रश, डिंकाच्या बाटल्या, सगळं माझ्या भाचीला. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, म्हणजे आमच्या घरातलं हाडांचं काम तिच्याकडे तुटलेलं नाही. ती मला म्हणाली, "आत्या, तू मेलेल्यांची हाडं उभी करतेस, मी जिवंतांची. माझी गिऱ्हाइकं तक्रार करतात, एवढाच फरक." लोक मला हाडाची कारागीर म्हणतात. ते दोन्ही अर्थांनी खरं आहे, आणि ही पोरगी माझ्याहून सरस होईल.

कलम तिसरे, पुस्तके. इथे थोडं मागे जावं लागेल.

बाबा याच संग्रहालयात सांगाडे जोडायचे आणि मंडळीत 'वडील', म्हणजे कारभारी पंच, म्हणून बसायचे. आमच्या मंडळीत धर्मग्रंथाला शास्त्र म्हणतात. शाळेत विज्ञानालाही शास्त्र म्हणतात. बाबा दोन्ही वाचायचे आणि दोन्ही एकाच फळीवर ठेवायचे. सृष्टी हळूहळू घडत गेली म्हणून घडवणाऱ्याचा हात लांब जात नाही, असं ते मानायचे. मीही तेच मानते. त्यांच्या मृत्युपत्रात लिहिलेलं होतं: "शास्त्राची सर्व पुस्तके मुलास व हत्यारे मुलीस." भाऊ हातगाडी घेऊन आला आणि अख्खी फळी रिकामी करून निघाला. प्राण्यांच्या हाडांचं जाडजूड पुस्तकही त्यातच. मी गाडीला आडवी गेले.

"अरे, ते माझ्या कामाचं आहे."

"शास्त्राचं आहे ना?"

"ते त्या शास्त्राचं नाही!"

"बाबांनी कुठल्या ते लिहिलेलं नाही. मग माझं."

जन्मभर जो माणूस उत्क्रांतीला शास्त्र म्हणायला तयार नव्हता, तो त्या एका दुपारपुरता तयार झाला! मी चार वर्षं हाडांची चित्रं दुसऱ्यांकडून मागून आणली. तो का हटून बसला हे मात्र मला गाडीपाशीच कळलं होतं. त्या पुस्तकाच्या समासात बाबांनी पेन्सिलने भावाचा लहानपणचा हात काढलेला आहे. त्याला झोप यायची नाही, तेव्हा बाबा त्याच्या हातावरून बोट फिरवत मोजायचे: "आधी एक, मग दोन, मग खडे, मग बोटं." दंडाचं एक हाड, कोपराखाली दोन, मनगटात बारीक खड्यांसारखी, मग बोटं. शेवटच्या बोटापर्यंत तो झोपलेला असायचा.

ते पुस्तक त्याच्याकडेच राहावं. माझ्या बाकीच्या पुस्तकांतली कोणती कोणाला, ते मी एकेकावर नाव घालून ठेवलं आहे. वाटणीसाठी 'शास्त्र' हा शब्द या मृत्युपत्रात कुठेही वापरलेला नाही. वकीलबाईंनी दोनदा तपासलं आहे.

कलम चौथे, बचत. दवाखान्याचं आणि मातीचं भागवून जे उरेल ते मंडळीच्या रविवारच्या शाळेला. त्यातून लहान मुलांसाठी बुटकी बाकं घ्यावीत. आताच्या बाकांवर त्यांचे पाय लोंबकळतात आणि पाय लोंबकळत असले की कोणाचंच लक्ष लागत नाही.

याच शाळेत मी शिकवायचे आणि तिथूनच मला काढलं होतं. एका मुलीने विचारलं, "सृष्टी सहा दिवसांत झाली, तर दिवस केवढे होते?" मी म्हटलं, "मला माहीत नाही बाळा, पण हाडं फार जुनी आहेत." पुढच्या रविवारी तिचे आईवडील भावासमोर उभे. त्याने मला फुलांवर घातलं. आजतागायत मी मंडळीत फुलं लावते. पहिली दोन वर्षं मी मुद्दाम काटे न काढलेले गुलाब त्याच्या पुस्तकाजवळ ठेवले. आता काढते.

संग्रहालयातले लोक त्याची चेष्टा करतात की पाळकबुवांना माकड आजोबा नकोत. मी इतकी वर्षं दोन्ही घरची आहे, म्हणून हे लिहून ठेवते: माकडाचं त्याला काही वाटत नाही. त्याचं म्हणणं वेगळं आहे. पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडली आणि मरण आत आलं, असं तो शिकला. म्हणजे मरण हे घुसखोर. घुसखोर आहे, म्हणून त्याला हाकलायला कोणी आला, क्रूसावर गेला, कबरीतून उठला. पण माणूस यायच्या आधीच कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते, आणि मरत होते म्हणूनच आपण झालो, असं असेल, तर मरण घुसखोर नाही, घरचंच आहे. मग हाकलायचं कोणाला? त्या उंबऱ्यावर तो हेच विचारत होता. मी प्राण्यांच्या जबड्यांचे दाखले देत बसले आणि तो आईबद्दल बोलत होता.

दुसरं त्याने मला अपंगांच्या आश्रमाच्या फाटकात सांगितलं. तिथे तो दर बुधवारी जातो. "तुमच्यात दुबळे गळून पडतात, ताई. आत एक माणूस आहे, चाळीस वर्षांचा, त्याला चमच्याने भरवावं लागतं. त्याच्यावर देवाची छाप आहे म्हणून मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसतो. ती छाप काढून घेतलीस तर मी कशासमोर बसू?" मी म्हटलं, छाप मी काढत नाही, ती कशी उमटली एवढंच सांगते, आणि दुबळ्याला भरवू नका असं कुठलंच हाड सांगत नाही. तो म्हणाला, "तू नाही काढणार. तुझ्यामागून येणारे काढतील." दुबळ्यांना जगू देऊ नका म्हणणारे लोक खरोखरच होऊन गेले आहेत.

सगळेच ख्रिस्ती त्याच्यासारखं मानत नाहीत. आमच्याच मंडळीत निम्मे बाबांच्या बाजूचे निघतील. पण जे मानतात त्यांना अडाणी म्हणणाऱ्याने माझ्या मातीला येऊ नये.

झडपेचं कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "बघ, डुकराची चालते. नातं असल्याशिवाय चालेल का?"

तो म्हणाला, "एकाच सुताराने केलेल्या दोन दारांना एकच बिजागरी बसते. म्हणून एक दार दुसऱ्याचा चुलत भाऊ होत नाही."

"मग त्या सुताराने वटवाघळाच्या पंखात बोटं कशाला घातली रे? पंखाला काय गरज?"

"सवय असेल हाताला."

आम्ही इतके हसलो की परिचारिकेने येऊन मला दम दिला आणि त्याला बाहेर काढलं. मला उत्तरं येत होती. पण त्याच्या हसण्यापुढे ती काढावीशी वाटली नाहीत.

कलम पाचवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझी मांजर शेजारणीकडे आधीच राहायला गेली आहे. तिने माझ्या कागदाची वाट पाहिली नाही.

कलम सहावे. माझी माती माझ्या भावानेच करावी आणि कबरीपाशी तो नेहमी म्हणतो ते सगळं म्हणावं, उठवलं जाण्याचंसुद्धा. माझ्या विचारांची भीड धरून काही गाळू नये. मला ते ऐकायला नेहमीच आवडलं आहे. आणि आईचं मरण चूकच होती, असं मलाही वाटतं. ते हाडांत कसं बसवायचं ते मला कळलेलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. मी सुखात आहे.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, वाचला आणि त्यात बदल करावासा वाटला नाही.

सही: मंडळीत फुलं लावणारी, संग्रहालयात हाडं जोडणारी

साक्षीदार: कोपऱ्यावरचे घड्याळजी (चष्मा लावून सही केली)
साक्षीदार: मांजर नेणारी शेजारीण

ठिकाण: याच घरातलं स्वयंपाकघर, उंबऱ्याकडची खुर्ची
दिनांक: चौदा मार्च, दुपारी

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्याने बंधनकारक नसतं, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणूनच हे खाली लिहिते आहे. हे तुझ्यासाठी, भाऊराया.

संग्रहालयाच्या मधल्या दालनात माझं एक काचेचं कपाट आहे. तू ते पाहिलेलं नाहीस, कारण तू त्या दालनात कधी आला नाहीस. त्यात वटवाघळाचा पंख आहे, डॉल्फिनचा पर आहे, मांजराचा पुढचा पाय आहे आणि माणसाचा हात आहे. चारही एका रांगेत: आधी एक, मग दोन, मग खडे, मग बोटं. तिघांची हाडं खरी आहेत. माणसाचा हात मात्र प्लास्टरचा आहे. जवळून पाहिलं की कळतं, आणि मला ते रोज कळतं.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे: जे शरीर उठवलं जाणार ते अख्खं पुरावं. एकदा बोलून झालं आहे. समुद्रात बुडालेल्या खलाशाचं काय, असं मी विचारलं होतं, आणि देव त्याला गोळा करेल, असं तू म्हणाला होतास. मग कपाटातला हात गोळा करणं देवाला जड आहे का, असं मी पुढे विचारलं. तेव्हा तू माझं मनगट धरून म्हणालास, "देवाला जड नाही, ताई. मला जड आहे." आणि नकळत तुझा अंगठा माझ्या मनगटावरचे खडे मोजत होता.

देहदानाला जवळच्या नातलगाची, म्हणजे तुझी, सही लागते. तू नाही म्हणशील, आणि मी आईशेजारी अख्खी निजेन, त्यातही मला आनंदच आहे. पण विचारल्यावाचून राहवत नाही. माझा उजवा हात त्या कपाटाला देशील का? आणि दिलास, तर एकदा दालनात येऊन, काचेवर बोट ठेवून, शेवटच्या बोटापर्यंत मोजशील का?