एकवीस पक्षी आणि खिशातला हात

ता. ४ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न.

माझं वाद्य एकदाचं कलादालनाच्या भिंतीवर चढलं. तांब्याच्या पत्र्यातून कापलेले एकवीस पक्षी आहेत. दोन्ही हात दोन पक्ष्यांवर ठेवले की आपल्याच अंगातून वीज फिरते आणि सूर निघतो. नुसतं बघायलाही देखणं झालंय, माझ्याच तोंडानं सांगते. रविवारी या. विजेचं काम मी तुमच्याकडूनच शिकले, म्हणून पहिला सूर तुमच्या हातचा हवा. आईला नमस्कार सांगा.

आशीर्वाद असू द्यावेत.
तुमची,
खुडबुडी

ता. ७ एप्रिल

चि. खुडबुडीस अ. उ. आ.

उघड्या तांब्याला दोन्ही हात लावायला सांगतेस, आणि वर माझ्याकडून शिकलीस म्हणतेस? छत्तीस वर्षं वायरमनचं काम केलं ते उजव्या हातानं. डावा कायम खिशात, कारण दोन्ही हात लागले की वीज छातीतून जाते. कामावरचा माझा जोडीदार माझ्या डोळ्यांदेखत असाच गेला, हे तुला ठाऊक आहे. तुझी आई म्हणते, पोरीचं कौतुक करायचं सोडून धडे कसले देताय. येतो. रबरी बूट घालून येतो.

तुझा,
बाबा

ता. १२ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न.

रागावलेय, तेव्हा नमस्कार कोरडा समजा. सगळं टॉर्चच्या चार सेलवर चालतं, हे शंभरदा सांगितलं होतं. तरी तुम्ही टेस्टर काढून एकवीसच्या एकवीस पक्षी तपासलेत, डावा हात खिशातच, आणि टेस्टर पेटला नाही म्हणून सगळ्यांसमोर जाहीर केलंत की हे बंद आहे. लोक हसले. मला नाही हसू आलं. पहिला सूर शेवटी दालनाच्या झाडूवाल्या मावशींनी काढला, आणि झकास काढला.

तुमच्या जोडीदार काकांची आठवण मला कळते, बाबा. पण माझ्या कामावर तुमचाच भरवसा नाही, हे मनाला फार लागलं. सोळा तारखेपर्यंत प्रदर्शन आहे. या असं म्हणत नाही.

खुडबुडी

ता. १७ एप्रिल

चि. खुडबुडीस अ. उ. आ.

भरवसा नाही असं नाही गं. वाद्याच्या मागच्या बाजूला तुझं तारांचं सोल्डरिंग बघितलं मी, माझ्याहून सफाईदार आहे. खिशातून हातच निघत नव्हता.

काल तू जेवायला गेलेलीस तेव्हा आम्ही दोघं येऊन गेलो. उजवा हात पक्ष्यावर ठेवला आणि डावा काढायला गेलो. तो निघेना. तुझ्या आईनं थोडा वेळ बघितलं, मग एक हात दुसऱ्या पक्ष्यावर ठेवला आणि दुसरा सरळ माझ्या खिशात घालून माझा हात धरला. चारचौघांत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं तिनं.

वीज दोघांच्या अंगातून फिरायची म्हणजे अडथळा दुप्पट, म्हणून सूर फार खाली लागला. मावशी म्हणाल्या, एवढा खालचा सूर इथे कुणाचाच निघाला नव्हता. मागे रांग लागली तरी मी हलेना.

वीज माझ्या छातीतून गेली, पोरी, आणि मी धडधाकट आहे. थोडा रडलो. आईला विचारू नकोस.

राग गेला असेल तर रविवारी जेवायला ये, नसेल तरी ये.
तुझा,
बाबा