प्रतिक्षाचे उपास

निरवांगी, ता. इंदापूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. उत्कर्षा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन घेतला की आई शेजारी येऊन बसते, म्हणून हे पत्र. तुझी भाची काल गणपती बसायच्या आधीच सकाळी देवघरापुढं कोसळली. हाका मारल्या तरी उठेना. गाडीत घालून बारामतीला नेली. रक्तातली साखर फार उतरली होती. सलाइन लावल्यावर तासाभरानं बोलायला लागली. गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी शाळेतही अशीच चक्कर आली होती. नऊ वर्षांची पोर, मला काही सुचत नाही.

डॉक्टरांनी विचारलं की जेवण नीट आहे का. नीटच आहे म्हणालो. उलट प्रतिक्षा गुणाची आहे. यंदा आज्जीबरोबर श्रावणी सोमवार धरले, परवा हरतालिकेला पाणीसुद्धा घेतलं नाही. आईनं गल्लीभर कौतुक सांगितलं.

तू संगणकात माणसाचं यकृत न् मेंदू मांडतेस, तर काही उमगलं तर कळव. घरात घाबरट म्हणून माझं नाव झालंच आहे.

तुझा दादा,
जोतीराम

पुणे
१ सप्टेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळताच फोनवर पोरीला उपाशी ठेवू नकोस एवढंच बोलले, कारण आई शेजारी होती. आता नीट सांगते. उपासाचं डॉक्टरांना सांगितलंच नाहीस, धन्य आहेस. पण आपल्याकडं उपास म्हणजे जेवण चुकणं नव्हेच. तुझ्या जागी मीही तेच उत्तर दिलं असतं.

प्रत्येक अवयवाची अन्न वापरायची तऱ्हा वेगळी असते, ती संगणकात मांडणं हे माझं काम. उपाशीपोटी यकृत आधी साठवलेली साखर सोडतं. ती संपली की शरीर चरबी मोडून चालतं. काही मुलांत चरबी मोडायची एक पायरी जन्मतःच अडलेली असते. तसं यकृत मी काल मांडून पाहिलं. वेळेवर जेवण मिळेपर्यंत सगळं सुरळीत. उपास वीस तासांवर गेला आणि मेंदूला द्यायला काही उरलंच नाही. पुढचं मला बघवलं नाही, दादा.

पण हे गणित आहे, आपली प्रतिक्षा नव्हे. पत्र डॉक्टरांना दाखव, ते योग्य ती रक्ततपासणी करतील. माझं चुकलं तर खुशाल हस. आणि तू घाबरलास म्हणून पोर वेळेत दवाखान्यात पोचली, हे घरात माझ्या नावानं सांग.

माया आहेच, ती वाढवावी.
उत्कर्षा

निरवांगी
२२ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षास आईचे आशीर्वाद.

रिपोर्ट आला. तू म्हणालीस तेच निघालं. वेळेवर खायचं, उपाशी राहायचं न्हाय, ताप-उलटी झाली की थेट दवाखाना. एवढं सांभाळलं तर पोर चारचौघींसारखी वाढंल, असं डॉक्टर म्हणाले. जोतीराम तिथंच पायरीवर बसून रडला. मला मात्र लाज वाटली. गल्लीभर कौतुक सांगत फिरणारी मीच. कुणालाच ठाऊक नव्हतं असं डॉक्टरांनी समजावलं, तरी मनातनं जात न्हाय.

आज घट बसले. सकाळी पोरीपुढं दूध-भाकरी ठेवली तर हात लावंना. आज्जीचा उपास हाय तर माझाबी, म्हणून हटून बसली. जोतीराम ओरडला, सूनबाईनं समजावलं, उपयोग झाला न्हाय. ह्या घरात आल्यापासनं मी नवरात्राचा उपास एकदाबी मोडला नव्हता. देवीपुढं हात जोडून माफी मागितली, पोरीच्या ताटातली भाकरी मोडली आणि पहिला घास मी खाल्ला. मग तिनं खाल्लं.

सवड काढून ये.
तुझी आई,
द्वारकाबाई