बुडणाऱ्या मरळीची हकीकत

निर्मळ, १७ मे

प्रिय फेलिशिया,

तुझे गुडघे कसे आहेत? मार्सेलचे पथ्य चालू आहे ना? पत्र घेऊन आलेल्या कमळीला आधी पाणी दे, तिची टोपली सावलीत ठेवायला सांग आणि मग सावकाश वाच. घाई नाही.

आमच्या बागेतले बावखल तुला आठवत असेलच. त्याच तळ्यात आपण नाक दाबून बुड्या मारायचो. तू एकसष्टपर्यंत टिकायचीस, मी विसाला वर (आणि तरी तू माझे चाळीस सांगायचीस, हे मी विसरलेले नाही). यंदा त्यातला गाळ काढायला घेतला. पाणी कमी झाले तसे पहाटे सगळे रोहू तोंड वर काढून धापा टाकू लागले. त्यांची कल्ले झाकणारी झापडे इतक्या वेगाने हलत होती की मला मोजता येईनात. ते शेजारच्या तळ्यात सोडले. राहिली एक मरळ, सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी हौसेने सोडलेली. शेजारी तिला घेईनात, ती त्यांची पिल्ले खाईल म्हणून. गाळ काढणारे तर तिच्याकडे बघत मसाल्याचेच बोलत होते. तेव्हा पावसापर्यंत तिला जगवायचे मी मनाशी ठरवले.

आमच्या ह्यांनी निळे पिंप काठोकाठ भरले, मरळ आत सोडली, वर झाकण घातले आणि मांजर येऊ नये म्हणून झाकणावर पाटा ठेवला. (निवृत्तीनंतर ह्यांचे प्रत्येक काम इतकेच पक्के असते.) थोड्या वेळाने आतून धडका सुरू झाल्या. पाणी कमी पडत असेल म्हणून ह्यांनी आणखी बादली ओतली. धडका वाढल्या. मी तिला रागीट म्हणाले, देव मला क्षमा करो. तेवढ्यात कमळी फुले घेऊन आली.

“बाय, पानी काढा अर्धं. मासा बुडून मरंल.”

“मासा कधी बुडतो का गं?” हे हसले.

“मग शेट, तुमी बसा आत. वर पाटा मी ठेवते.”

पाटा उतरवला, पाणी अर्धे केले. मरळ वर आली, हवेचा एकच घोट घेतला आणि तळाशी जाऊन शांत बसली. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा ठेवायची चिमुकली जागा असते म्हणे. नुसत्या पाण्यावर तिचे भागत नाही. शाळेत सिस्टर मार्थांनी आपल्याकडून ‘मासे कल्ल्यांनी श्वास घेतात’ हे दहा वेळा लिहून घेतले होते. अकरावे वाक्य राहिलेच. श्वास कोंडला तर आपण केवढे घाबरतो, आणि ही एका घोटावर किती स्वस्थ! मी तासभर बघत बसले, आमटी करपली.

पण पिंपातले पाणी दुपारी चहासारखे तापते. बिचारी तिथे महिना काढणार नाही.

तुझी,
सरला

ता. क. कमळीच्या टोपलीत ओल्या गोणपाटाखाली तीच आहे. अंग ओले असले की ती काही तास पाण्याबाहेर राहते, म्हणून तर एवढे लांब लिहिले. बावखल भरेपर्यंत तिला तुझ्या विहिरीत ठेव.

ता. क. २. मार्सेलच्या नजरेची मला काळजी होती, म्हणून कालच तिचे नाव मार्था ठेवले. त्याला लहानपणी कॅटेकिझमचे धर्मपाठ सिस्टर मार्थांनीच शिकवले ना? मसाला लावायला हात धजणार नाही त्याचा.