बटाट्याने मेलेली जीप

आप्पा, तुमची जीप चालू झाली. आणि तुमचा इतका राग आलाय की समोर असता तर आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला तोंडावर बोललो असतो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत मला अजून ‘बटाटा’ म्हणतात. पोरं नाही, मोठी माणसं. दसऱ्याला कुणीतरी हटकून विचारतं, "काय बटाटा, यंदा कोणाची गाडी मारणार?" मीपण दात काढतो. दुसऱ्याची मस्करी करतो तर स्वतःची झेलायला पाहिजे, मान्य. पण मस्करी खरी तर पाहिजे ना!

तो दसरा मला आजपण जसाच्या तसा दिसतो. मी चौदाचा. तुम्ही बारडोलीकडच्या एका शेतकऱ्याकडून भंगारात उचललेली, दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी घासून-ठोकून उभी केलेली जीप गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. बॉनेटवर झेंडूचा हार, आईने काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आपले धुळे-जळगावहून सुरतेला आलेले सगळे शेजारी जमलेत, जीपमधून चक्कर मारायला. तुम्ही चावी फिरवता. जीप खोकते, थरथरते, गप्प. परत तेच. मग कोणीतरी वाकून सायलेन्सरमधून बटाटा काढतो, सगळी गल्ली हसते, आणि तुमचा हात माझ्या कानाखाली. तिथपर्यंत ठीक. बटाटा मीच कोंबला होता. पण नंतर तुम्ही बॉनेट उघडलं, अर्धा तास आत डोकं घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "इंजिन गेलं. या कार्ट्याने माझं इंजिन मारलं." जीप ढकलत तुमच्या लूमच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये नेली, कुलूप लावलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आणि मी राहिलो, बापाची जीप मारणारा.

आता कारखान्याचा शेठ ती शेड पाडतोय. म्हणाला, "रविवार सुधी लई जा, नहीं तो भंगारवाळो कापी जशे." रविवारपर्यंतची मुदत. आई म्हणाली, जाऊ दे, कापू दे. मी म्हटलं, मारली मी, तर उठवीन पण मीच. दिवसा पर्वत पाटिया भागात साड्यांच्या गाठींचा टेम्पो चालवायचा आणि संध्याकाळी शेडमध्ये. चारी टायर जमिनीला चिकटलेले. टाकीतलं पेट्रोल उघडलं तर रंगाच्या डब्यासारखा वास. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलेलं, तेपण आपल्या कारखान्याच्या धाग्यांचं, गुलाबी, पोपटी, जरीचं. सुरतचे उंदीरसुद्धा पॉलिस्टरमध्ये झोपतात. टायरांत हवा भरली, टेम्पोची बॅटरी जोडली, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलला, प्लग काढून त्या भोकांत ऑइल सोडलं आणि दोन दिवसांनी हँडल मारलं. मला वाटलं होतं इंजिन दगडासारखं जाम असेल. फिरलं की हो! अगदी लोण्यासारखं. तेव्हाच डोक्यात पहिली ठिणगी पडली. प्लगमध्ये मात्र पडेना.

शनिवारी आमच्या टेम्पोवाल्या गॅरेजच्या उस्तादला आणलं. त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उचललं आणि माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी त्याचीच मस्करी केलीय. "अल्या, आमां रोटर ज नथी!" रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा, तो नसला तर प्लगला करंट जात नाही, बाकी गाडी कितीपण चांगली असो. मी बटाट्याची गोष्ट सांगितली. तो खाली बसून हसला. "बटाकाथी एन्जिन मरे? आ तो कोईए हाथे काढ्युं छे." हाताने काढलंय. कुलपाची चावी कोणाकडे होती आप्पा?

घरी येऊन आईला विचारलं, असं तपकिरी, वर पितळेची पट्टी, कुठे पाहिलंय? तिने भाजी चिरता चिरता सांगितलं, "तुना बापना चष्मानी डबीमा शे ना." मी म्हटलं, कोणता चष्मा? आप्पा कुठे चष्मा लावायचे? तिने कपाटातून डबी काढली. आत हा जाड काचेचा चष्मा, त्याखाली कापसात रोटर. "माले वाटनं चष्मानंच काही व्हई," म्हणाली. नऊ वर्षं दर दिवाळीला पुसून ठेवत होती.

म्हणजे दिसत तुम्हाला नव्हतं आणि आंधळं केलंत सगळ्या गल्लीला. तुमच्यासारख्या लूमच्या मास्तरला तुटलेला धागा दिसला नाही तर शेठ दुसऱ्या दिवशी घरी बसवतो, एवढं मला कळतं हो. चष्मा लपवा, नोकरी सांभाळा, जीप चालवू नका, सगळं बरोबर. पण नाव माझं कशाला? रात्री जेवताना हळूच सांगितलं असतं तर मी काय भोंगा लावणार होतो? बरं, लावला असता कदाचित. तरीपण!

रविवारी सकाळी रोटर बसवला. तिसऱ्या झटक्याला जीप भडकली, काळा धूर ओकली आणि सुरू राहिली. आईला बाजूला बसवून गल्लीतून तीन चकरा मारल्या, हॉर्न दाबून. कोपऱ्यावरचे काका ओरडले, "अरे बटाटा, जिवंत केलीस!" तेव्हा डबी माझ्या खिशातच होती. काढून दाखवायची आणि ओरडून सांगायचं, असं ठरवूनच निघालो होतो. नाही दाखवली. का, ते मला विचारू नका. अजून तुमच्यावर चिडलेलोच आहे.

हा कागद त्याच डबीत, रोटरच्या जागी ठेवतोय. आई उघडेल, पण तिला वाचता येत नाही.

आणि एक. त्या दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आपण दोघं जीप चालवून बघत बारडोलीहून येत होतो. भर दुपार, दोन्ही बाजूला ऊस, समोर लाल ट्रॅक्टर उभा. मी किंचाळलो तेव्हा तुम्ही ब्रेक मारला, आणि वर मलाच म्हणालात, "मला दिसत नाही का?" मी कोणाला बोललो नाही. तो बटाटा मस्करीचा नव्हता, आप्पा. गल्लीतल्या लोकांना घेऊन तुम्ही निघू नये, म्हणून घातला होता.