सगळे खिलारे आपलेच

५ जानेवारी २००३, मंचर
संकल्प. आमच्या खिलारी घराण्याचा मूळ पुरुष शिवनेरीवर मोठा हुद्देदार होता, हे महाशिवरात्रीच्या आत सिद्ध करायचं. तंबाखू आजपासून बंद.
तेजूचं ओतूरच्या खिलारेंच्या रुपेशशी जवळजवळ ठरलंय. पोरगी दिवसभर गुणगुणते. त्यांची बागायत बक्कळ, माझी मास्तरकीची पेन्शन. घराण्याचा पुरावा दाखवला की पाहुण्यांवर वजन पडेल.

२० जानेवारी
जुन्नरच्या एका गृहस्थांकडे जुने कागद पाहिले. खिलारी एकही नाही. साहजिक आहे. तेव्हा लिहिणारा ऐकू येईल तसं लिहायचा. यापुढे खिल्लारी, खिलारे, खिलार सगळे आपलेच धरायचे. दुपारपर्यंत भरपूर पूर्वज मिळाले.
तंबाखू उद्यापासून.

२ फेब्रुवारी
सापडला. रायाजी खिल्लारी, गडावर नोकरीला. हुद्द्याची जागा वाळवीने खाल्लीय, म्हणजे हुद्दा मोठाच असणार. त्याचा धाकटा भाऊ ओतूरला गेला, त्याचेच हे खिलारे. कुलदैवतही दोघांचं खंडोबा. सौ. शीला म्हणाली, अर्ध्या तालुक्याचं खंडोबाच आहे, आधी लेकीचं लग्न उरका. हिला रिसर्चमधलं काही कळत नाही.

९ फेब्रुवारी
ओतूरला सुपारी फोडायचा कार्यक्रम. मी उभा राहून सगळं सांगितलं. आपण एका रक्ताचे, एक भावकी. सगळे चिडीचूप. वाटलं, भारावले.
मग रुपेशचे आजोबा रखमाजी म्हणाले, "पावणं, मंग ही तर भाऊ-बहीण झाली. भावकीत सोयरीक व्हत न्हाई."
सुपारी ताटात तशीच राहिली. जेवायला मात्र आग्रहाने बसवलं. येताना जीपमध्ये तेजू रडत होती.

१६ फेब्रुवारी
एकटाच ओतूरला गेलो. म्हटलं, रिसर्च कच्चा आहे, आम्ही खिलारी वेगळे, तुम्ही खिलारे वेगळे. रखमाजी म्हणाले, "मास्तर, लेकीपायी खोटं बोलू नगा. तुमचा अभ्यास लई दांडगा हाय."
माझ्या अभ्यासाला असा मान आजवर कुणी दिला नव्हता. येताना तंबाखूची पुडी घेतली.

२ मे
रुपेशची लग्नपत्रिका आली. मुलगी नारायणगावची. खाली भावकीच्या नावांत पहिलं माझं. लपवणार होतो, पण तेजूच्या हाती लागली. तिने सगळी नावं सावकाश वाचली.
म्हणाली, "तुम्ही जा आप्पा. घरचंच कार्य आहे तुमच्या."