खानदानाची थुंकी

ती. ताईस साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्त कमरेपर्यंतचाच समज). तुझं पित्त आणि भाऊजींची कवळी, दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे.

ताई, काल आपल्या खानदानाची शास्त्रीय तपासणी झाली! आपली चिमणी पाच वर्षांची झाली तरी बोलत नाही, तासभर पंख्याकडे बघत बसते आणि डॉक्टरांनी त्याला ऑटिझम म्हटलंय, हे तुला माहीतच आहे. अशी मुलं लवकर ओळखता यावीत म्हणून जनुकांत किंवा अंगावर काही खुणा सापडतात का, याचं मोठ्या इस्पितळात संशोधन चाललंय. नातीबरोबर आजोबाही हवा होता. डॉक्टरीणबाईंनी आमची डोकी टेपने मोजली, डोळ्यांमधलं अंतर मोजलं, कान मोजले. (चाळीस वर्षं मी मोटारी दुरुस्त केल्या, पण माझा व्यास घेणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.) डोक्यावर भोवरे किती, असंही विचारलं. म्हटलं, बाई, तो पुरावा केसांबरोबरच गेला. मग हातात नळी देऊन म्हणाल्या, "काका, या रेघेपर्यंत थुंका." वर्कशॉपच्या भिंतींवर 'थुंकू नये' रंगवण्यात माझा जन्म गेला, आणि ऐन वेळी तोंड कोरडं ठाक! वीस मिनिटं नुसता लिंबाचा विचार करत बसलो.

तेवढ्यात कोपऱ्यातलं नमुने फिरवायचं यंत्र सुरू झालं आणि चिमणीने दोन्ही कान घट्ट दाबले. सूनबाई सवयीप्रमाणे सगळ्यांची माफी मागायला लागली. पण ती बारीक करकर मलाही ऐकू आली होती! मी ओरडलोच, "बेअरिंग गेलंय!" तंत्रज्ञ हसला, "आजोबा, गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय." तरी उघडून बघतो तर काय, छर्रे घासून चपटे! यंत्र थांबलं तशी चिमणीने कान सोडले आणि माझा अंगठा धरला. आपण होऊन, ताई!

मी म्हटलं, लिहा, खूण सापडली, आजोबा-नातीचे कान सारखेच तिखट! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, एका बेअरिंगवर शास्त्र उभं राहत नाही. अशी एकच एक खूण अजून कुणालाच मिळालेली नाही. कितीतरी जनुकांचा थोडा थोडा हात असतो." तेव्हा सूनबाईने मान खाली घालून विचारलं, "मी कामावर जायचे, म्हणून तर नाही ना झालं?" बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाही. आईच्या वागण्याने हे होत नाही. एवढं मात्र पक्कं."

परतताना सूनबाई रस्ताभर गुणगुणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. (बेसूर गाते. पण मी चकार शब्द काढला नाही.)

तुझा धाकटा

ता. क. सोबत नळी पाठवतोय. डॉक्टरीणबाईंना तुझीही थुंकी हवी आहे. रेघेपर्यंत.

ता. क. २. थाप मारली. तुझी थुंकी कुणीही मागितलेली नाही, नळी मीच मागून आणली. "आई दिवसभर कामावर, मग पोर मुकंच राहणार," असं तू चारचौघांत म्हणालीस, तेव्हापासून तुझं नाव निघालं की सूनबाई उठून आत जाते. तेव्हा नळी परत द्यायच्या निमित्ताने तू स्वतः ये. दार तीच उघडेल. काय बोलायचं ते तुला सांगायला नको.

ता. क. ३. हळू बोललीस तरी चालेल. मी आणि चिमणी आतल्या खोलीत असू. आम्हा दोघांना ऐकू येईल.